षड्ज-पंचमाचा गडगडाट: तंजावरची वीणा आणि संगणकातले अ‍ॅम्प

तंजावरी वीणेला सात तारा असतात आणि त्या सातांत मिळून स्वर दोनच: षड्ज आणि पंचम. वादनाच्या चार तारा षड्ज, पंचम, मंद्र षड्ज, अनुमंद्र पंचम अशा खाली उतरत जातात. बाजूच्या तीन तालतारांवर पुन्हा षड्ज, पंचम आणि तार षड्ज. हेवी मेटल वाजवणारा गिटारवादक ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतो, त्यातही हेच दोन स्वर असतात. गंधार तो मुद्दाम गाळतो. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर जन्माला येतात. १५० हर्ट्‌झचा षड्ज आणि २२५ हर्ट्‌झचा पंचम घेतला तर वजाबाकी ७५, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. छातीवर आदळणारा तो खर्ज कोणी वाजवलेला नसतो, तो डिस्टॉर्शननेच घडवलेला असतो. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, त्यामुळे त्याच्या वजाबाक्या सुरात बसत नाहीत आणि सगळा गाळ होतो. पंचम मात्र जेमतेम दोन सेंट उतरलेला असतो, तो चालतो. कानाने लावलेल्या वीणेवर तोही फरक उरत नाही.

म्हणून तंजावरच्या वीणेवर हेवी टोन काढण्याची कल्पना मला विक्षिप्त वाटत नाही. या शहराचा इतिहासही तसाच आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, १७९८ ते १८३२ या काळात, राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्त्य संगीताची स्वरलेखनं जमा होत होती. दरबारातले वराहप्पय्यर व्हायोलिन वाजवत. तंजावरच्या प्रसिद्ध चार भावांपैकी वडिवेलूंना १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन दिलं. परकं वाद्य घ्यायचं, मांडीवर आणि गमकांवर बसवायचं आणि आपलं करायचं, हे काम मराठ्यांच्या तंजावरने एकदा नीट करून दाखवलं आहे. पुढे यू. श्रीनिवास यांनी भरीव लाकडाचं इलेक्ट्रिक मँडोलिन कर्नाटक संगीताच्या सभांत नेलं, तेव्हाही शंका काढणारे होते. ते ऐकणाऱ्यांपुढे टिकले नाहीत.

आता प्रश्न अ‍ॅम्पचा आहे. शंभर वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, चार स्पीकरचं कॅबिनेट आणि ते दोन्ही मोकळं वाजवता येईल अशी बंदिस्त खोली तंजावर-कुंभकोणमच्या घरांत कोणाकडे असणार? पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही ती सोय नाही. त्यामुळे आपल्याकडचं हेवी संगीत बरंचसं संगणकातल्या नकली अ‍ॅम्पवरच उभं राहिलं. दिल्लीच्या केशव धर यांच्या स्कायहार्बरचा २०१२ चा पहिला अल्बम घरच्या खोलीत सुरू झालेल्या कामातून आला. असे नकली अ‍ॅम्प, म्हणजे प्लगइन, आता इतके झाले आहेत की नवा माणूस बाजारात शिरला की त्याला पहिल्यांदा चक्करच येते. कोणता घ्यावा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्नच उलट्या टोकाने सुरू होतो.

हेवी टोनचे चार टप्पे असतात. पहिला, अ‍ॅम्पच्या आधी. इथे बहुतेक सगळे जण ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल ठेवतात, तोही ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण चढवून. त्या पेडलच्या गेन देणाऱ्या भागात सुमारे ७२० हर्ट्‌झच्या खालचा आवाज हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये शिरणारा खर्ज आवळला जातो आणि तळहाताने दाबून वाजवलेली तार धपकन न फुगता टणकन वाजते. दुसरा टप्पा अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प. गेन इथे घडतो. तिसरा पॉवर अ‍ॅम्प. चौथा कॅबिनेट, त्यातले स्पीकर आणि समोरचा माइक. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वर झपाट्याने उतरतो. तो नसेल तर सगळ्यात महागडा अ‍ॅम्पसुद्धा माशी घोंगावल्यासारखा वाजतो. कोणत्याही प्लगइनमध्ये कॅबिनेटचं बटण बंद करून पाहा, खात्री पटेल.

संगणकात या चार टप्प्यांची नक्कल दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी होते, आणि निवडीची किल्ली तिथे आहे. कॅबिनेट आणि माइक मिळून जे करतात ते जवळपास रेषीय असतं: आवाज दुप्पट आत गेला तर दुप्पट बाहेर येतो, पोत तोच. अशा वस्तूला एकदा ठोकून किंवा तिच्यातून खालपासून वरपर्यंत सरकणारा स्वर वाजवून तिचा पूर्ण प्रतिसाद नोंदवता येतो. ही नोंद म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, वादकांच्या भाषेत आयआर. काही मिलिसेकंदांची छोटीशी फाइल. माइक सेंटिमीटरभर सरकवला तरी फाइल बदलते, आणि कानाला तो फरक अ‍ॅम्पचं मॉडेल बदलण्याइतका जाणवतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकर आणि त्यावर शुअर एसएम५७, ही जोडी हेवी रेकॉर्डिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या का टिकली हे त्यांच्या आयआर ऐकून कळतं: मधल्या पट्टीत टोकदारपणा आणि वरच्या टोकाला वेळीच आलेला उतार.

अ‍ॅम्पचा गेन मात्र रेषीय नसतो. तो आवाज चेपतो, कापतो, नवे स्वर जन्माला घालतो. त्याची नक्कल करायला एकतर सर्किट सोडवावं लागतं, नाहीतर न्यूरल नेटवर्कला शिकवावं लागतं. खरी मेहनत इथे आहे, आणि कंपन्यांची जाहिरातही इथेच.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं बरंचसं आज वापरात नाही. १९८० च्या दशकात टॉम शोल्झचा रॉकमन आणि टेक २१ चा सॅन्सअ‍ॅम्प ही अ‍ॅनालॉग डबडी आली. १९९८ मध्ये लाइन ६ चा पॉड आला आणि घरच्या रेकॉर्डिंगचं चित्र पालटलं. २००२ मध्ये अ‍ॅम्पलिट्यूब, मग गिटार रिग, २००६ मध्ये फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स. पुढे जर्मनीच्या केम्परने खऱ्या अ‍ॅम्पची प्रतिमा उचलणारं यंत्र काढलं. या सगळ्या वाटेवर ज्यांनी खिशात पैसे नसलेल्या पोरांना सगळ्यात जास्त दिलं ते फुकट प्लगइन: लेपूचे अ‍ॅम्प, पीव्ही ५१५० च्या धर्तीवरचा टीएसई एक्स५०, इग्नाइट अ‍ॅम्प्सचा एमिसरी आणि त्यांचाच आयआर वाजवणारा नॅडआयआर. यांतले काही आजही चांगल्या आयआरसोबत मिक्समध्ये उभे राहतात. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण तंजावरच्या विद्यार्थ्याला डॉलरमधली किंमत आधी दिसते आणि तो तिथेच थांबतो.

सध्याच्यांत न्यूरल डीएसपी या हेलसिंकीच्या कंपनीचे प्लगइन हेवी वाजवणाऱ्यांत सगळ्यात जास्त दिसतात. फोर्टिन नेमलेस, आर्किटाइप नॉली, आर्किटाइप गोजिरा. त्यांचं मोठं बळ असं की उघडल्याबरोबर तयार आवाज मिळतो. गेट, बूस्ट, अ‍ॅम्प, कॅबिनेट, इक्वलायझर सगळं एकमेकांशी जुळवलेलं असतं. नेमलेसचा आवाज मला सगळ्यात आवळ आणि कोरडा वाटतो, वेगवान दाबलेल्या तारांसाठी उत्तम. गोजिरात जास्त मांस आहे. दुबळेपणा त्याच बळातून येतो: दहा जणांनी तेच प्रीसेट लावले की दहा अल्बम एका खोलीतले वाटतात. चौदा दिवस पूर्ण प्लगइन फुकट वापरता येतो, तो वेळ मात्र प्रीसेट पाहण्यात घालवू नये. त्यांचं कॅबिनेट बंद करून आपली आयआर लावावी आणि मग अ‍ॅम्प ऐकावा.

अ‍ॅम्पलिट्यूब हे वेगळंच प्रकरण आहे. शेकडो वस्तू, खोलीभर पसारा. हेवी टोनसाठी त्यातले चार-पाच अ‍ॅम्प उपयोगाचे आणि बाकीचे अन्य संगीतासाठी. त्याच कंपनीचा २०२२ चा टोनएक्स हेवीसाठी मला जास्त पटतो, कारण तो खऱ्या अ‍ॅम्पच्या नोंदी वाजवतो आणि नोंद करणारा जाणता असेल तर गेनचा दाणा फार खरा येतो. लाइन ६ चा हेलिक्स नेटिव्ह समंजस आहे, भरपूर जोडाजोड करू देतो; हेवीसाठी वरच्या पट्टीत त्याला अधिक कापावं लागतं, इतकंच.

या सगळ्यांत माझ्या मनाजवळचा मार्ग न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, म्हणजे नॅम. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी तो लिहिला आणि उघडा, मोफत ठेवला. सुमारे तीन मिनिटांची ठरावीक ध्वनिफीत खऱ्या अ‍ॅम्पमधून वाजवायची, बाहेर आलेला आवाज नोंदवायचा आणि दोन्ही नेटवर्कला द्यायचे. ते त्या अ‍ॅम्पचं वागणं शिकतं. जगभरच्या लोकांनी आपापल्या ५१५०, रेक्टिफायर अशा अ‍ॅम्पच्या नोंदी वाटल्या आहेत. मर्यादा स्पष्ट आहे: साधारणपणे एक नोंद म्हणजे बटणांची एकच स्थिती. ट्रेबल फिरवून पाहायची सोय नाही, दुसरी नोंद शोधावी लागते. हेवी रेकॉर्डिंगला ही मर्यादा फारशी बोचत नाही, कारण तिथे आवाज एकदा ठरतो आणि पूर्ण गाणं तसाच राहतो. नोंद निवडताना फक्त हेडची निवडावी, कॅबिनेटसकट नको, म्हणजे चौथा टप्पा आपल्या हाती राहतो.

तुलना करण्याच्या पद्धतीत बहुतेकांची गफलत होते, आणि ती साधी आहे. दोनपैकी जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. म्हणून आधी दोन्ही आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत समान करावेत. एकच कोरडी गिटार रेकॉर्ड करून तीच प्रत्येक प्लगइनमधून काढावी. दोन्हीकडे एकच आयआर लावावी. नाहीतर आपण अ‍ॅम्पची तुलना करतोय असं समजून स्पीकरची करत बसतो. ऐकताना बेस आणि ड्रम चालू ठेवावेत. एकटी ऐकताना भव्य वाटणारी गिटार बेसच्या जागेत घुसलेली असते; सुमारे ८० ते १०० हर्ट्‌झच्या खाली आणि आठ-दहा हजारांच्या वर कात्री चालवली की मग ती गाण्यात बसते. डावी-उजवी गिटार दोनदा वेगवेगळी वाजवायची असेल तर गेन आपल्याला हवासा वाटतो त्यापेक्षा कमी ठेवावा. दोन थर मिळून तो आपोआप वाढलेला भासतो. इतकं केल्यावर प्लगइनांमधला फरक पुष्कळ कमी होतो. उरतो तो फरक खरा असतो.

या उरलेल्या फरकाची कसोटी गिटारपेक्षा वीणा जास्त कडक घेते. संगणकात गेनमुळे तयार होणारे खूप उंच स्वर मोजणीच्या मर्यादेपलीकडे गेले की ते परावर्तित होऊन खाली येतात. त्यांचा मूळ सुराशी काही संबंध नसतो. याला एलियासिंग म्हणतात आणि ते टाळायला प्लगइनला आत जास्त वेगाने गणित करावं लागतं. स्थिर सुरात हा कचरा लपतो. पण सूर वर ओढला की परावर्तित स्वर खाली सरकतात, उलट्या दिशेने. वीणेचं सगळं वादन तार आडवी ओढण्यावर आहे, एका पडद्यावरून चार-पाच स्वरांतरांपर्यंत. त्यामुळे तोडीतला एक संथ, ओढून घेतलेला गंधार कुठल्याही प्लगइनमधून काढा, सूर चढत असताना मागे काही उतरताना ऐकू आलं तर तो प्लगइन बाजूला ठेवा. ओव्हरसॅम्पलिंगचं बटण असेल तर रेकॉर्डिंगच्या शेवटी ते सर्वोच्च ठेवा. गेटचंही तसंच: मेटलच्या तुकड्या-तुकड्यांच्या वादनासाठी बसवलेला गेट वीणेच्या विरत जाणाऱ्या गमकाचं शेपूट कापून टाकतो. तो अगदी हलका ठेवावा किंवा बंदच करावा.

आता मूळ अडचण. वीणेतून आवाज संगणकापर्यंत न्यायचा कसा? चुंबकीय पिकअप लोखंडी तार ऐकतो. जुन्या पद्धतीच्या वीणेवर वरच्या दोन तारा पोलादाच्या आणि खालच्या दोन पितळ किंवा कांशाच्या असतात, म्हणजे ज्या अनुमंद्र पंचमावर आपल्याला गडगडाट हवा तोच पिकअपला जवळपास ऐकू येत नाही. पोलादी गाभ्याच्या गुंडाळलेल्या तारा लावाव्या लागतात आणि वाद्याचा स्वभाव थोडा बदलतो. चिकटवण्याचा पिएझो पिकअप सगळ्या तारा ऐकतो, पण तो ऑडिओ इंटरफेसच्या नेहमीच्या एक मेगओहमच्या गिटार इनपुटमध्ये सरळ जोडला तर खर्ज गळतो. मध्ये दहा मेगओहमचा प्रीअ‍ॅम्प हवा. शिवाय तालतारा. डिस्टॉर्शनमध्ये त्या सतत सगळ्या स्वरांशी गुणाकार करत राहतात. हेवी भागासाठी त्यांवर कापडाची पट्टी ठेवावी, दुसरा उपाय मला पटलेला नाही.

आणि जवारी. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवलं की या वाद्यांच्या रुंद, किंचित वाकलेल्या घोडीमुळे, एरवी तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत तेही उमटतात. वीणेचा झणकार, म्हणजेच जवारी, त्यातून येतो. पण हाच झणकार गेनमध्ये शिरला की वरच्या पट्टीत फसफस होते. गिटारवादक अ‍ॅम्पच्या आधी खर्ज कापतो. वीणेसाठी त्याच जागी वरची पट्टीही कापावी, तीन-चार हजार हर्ट्‌झच्या आसपासपासून. मग गेन गोल, दाट होतो, आणि सूर बासरीसारखा लांब टिकतो. तेवढा टिकाव वीणेच्या नैसर्गिक आवाजात कधी नसतो.

पण अशी वाजवलेली वीणा वीणेसारखी ओळखू येते का? माझ्या कानांना, फक्त चुंबकीय पिकअप आणि अ‍ॅम्प एवढ्यावर, नाही. ती गमकं उत्तम घेणारी गिटार वाटते. कारण आपण कुडम, म्हणजे फणसाच्या लाकडाची ती पोकळ वाटी, पूर्ण टाकून दिलेली असते. गिटारच्या साखळीत जे काम कॅबिनेट करतं ते वीणेत कुडम करतं. म्हणजे त्याचीही आयआर निघायला हवी.

पश्चिमेत अकूस्टिक गिटारसाठी हे झालेलं आहे. फिशमनचा ऑरा, टोनडेक्स्टर आणि एल. आर. बॅग्सचा व्हॉइसप्रिंट ही उपकरणं पिकअपच्या कोरड्या आवाजाला त्या गिटारच्या अंगाचा प्रतिसाद परत लावतात. टोनडेक्स्टरमध्ये माइक आणि पिकअप दोन्ही जोडून थोडा वेळ वाजवलं की ते दोहोंतला फरक शिकून ठेवतं. वीणेला ही पद्धत गिटारपेक्षाही जास्त शोभेल, असं मी मानतो. नक्कल करायला अवघड असलेली गोष्ट म्हणजे घोडीवरची जवारी. ती रेषीय नाही. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तंबोऱ्याचं संगणकी प्रतिरूप मांडलं, त्यातली मुख्य झुंज तार आणि घोडी यांच्या या स्पर्शाशीच होती. संपूर्ण कृत्रिम डिजिटल वीणा किंवा नमुन्यांवर चालणारी वीणा ऐकताना आपल्याला जे खटकतं तेही बहुधा इथलंच: प्रत्येक ओढीला जवारी जिवंतपणे बदलायला हवी आणि ती बदलत नाही. पण खऱ्या वीणेवर पिकअप लावला तर जवारी तारेतूनच येते, तिची नक्कल करावीच लागत नाही. उरतं फक्त लाकडी अंग, आणि ते बऱ्यापैकी रेषीय असतं. म्हणजे सोपं तेवढंच काम शिल्लक आहे.

मग रेकॉर्डिंगची मांडणी अशी होते: पिकअपचा आवाज दोन वाटांनी न्यायचा. एक वाट कुडमाच्या आयआरमधून, स्वच्छ. दुसरी वाट गाळणी, बूस्ट, अ‍ॅम्प आणि गिटार कॅबिनेटच्या आयआरमधून. दोन्ही एकत्र करताना वेळ जुळवायला विसरू नये. प्लगइनच्या विलंबामुळे एक वाट काही नमुने मागे पडली तर मधली पट्टी पोकळ होते. गडगडाट दुसऱ्या वाटेने येतो, ओळख पहिल्या वाटेने.

तंजावरच्या वीणेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. शहरातले कारागीर पणरुट्टीकडचं फणसाचं लाकूड आणतात. अख्ख्या एका ओंडक्यातून कोरलेली एकांड वीणा आणि तुकडे जोडून केलेली वीणा, दोन्ही तिथे घडतात. त्यांतला फरक जाणते कानाने सांगतात. तो मोजूनही दाखवता येईल: तारांवर कापड ठेवून त्या मुक्या करायच्या, घोडीवर छोट्या हातोडीने ठोका द्यायचा, एक माइक कुडमासमोर हातभर अंतरावर आणि दुसरा वरच्या भोपळ्यापाशी. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, शांत खोली आणि धीर लागतो. तंजावरमध्ये १९८१ पासून तमिळ विद्यापीठ आहे, दक्षिण विभाग सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय आहे, जवळच शास्त्र विद्यापीठ आहे. यांपैकी कोणीही कारागिरांना सोबत घेऊन पन्नासेक वीणांच्या आयआर नोंदवू शकेल, प्रत्येक फाइलवर कारागिराचं नाव, वीणा एकांड की जोडलेली, आणि तारा कोणत्या धातूच्या एवढं लिहून. नॅमच्या नोंदी जशा मोफत फिरतात तशा त्या फिराव्यात. हेवी टोनच्या शोधात असलेला मुंबईचा गिटारवादकही त्यातली एखादी आपल्या कॅबिनेटच्या जागी लावून पाहील. ५१५० च्या गेनमागे व्हिंटेज ३० ऐवजी फणसाचं कुडम कसं वाजतं, हे अजून कोणत्याही प्लगइनच्या यादीत नाही.